वीस किलो टोमॅटो आणि शेफ होण्याचं स्वप्न

हॉटेल मॅनेजमेंटला प्रवेश घेणाऱ्या मुलांना किचनमध्ये काय करायचंय असं विचारलं, तर उत्तर बहुधा एका प्लेटबद्दल असतं. पांढरी मोठी प्लेट, मधोमध पदार्थ, वर चिमट्याने ठेवलेलं एखादं पान. खोटं नाही ते. अशी प्लेट रोज बाहेर जाते. पण ती लावायला दीड मिनिट लागतं, आणि ते दीड मिनिट पाच-सात वर्षं किचनमध्ये काढलेल्या माणसाच्या वाट्याला येतं. बाकीच्यांचा दिवस तयारीत जातो. नोकरी मिळते ती त्या तयारीची.

मुंबई-पुण्यातलं शंभर-सव्वाशे खुर्च्यांचं, उत्तर भारतीय मेन्यू असलेलं किचन घेऊ. आपल्याकडच्या बहुतेक मुलांची सुरुवात अशाच ठिकाणी होते. सकाळी नऊच्या आसपास माल येतो. चिकन, मासळी, पनीर आत घेण्याआधी थर्मामीटर लावायचा. ५ अंशांच्या वर असेल तर परत पाठवायचं. पुरवठादार आरडाओरडा करतो, 'साहेब, आत्ताच गाडीतून काढलंय' म्हणतो. त्याचं ऐकून घेतलं की संध्याकाळी त्याच पाकिटाचा वास आपल्याला येतो. मग स्टोअरमधून इंडेंटप्रमाणे, म्हणजे मागणीच्या यादीप्रमाणे, सामान काढायचं, आणि कॉमी-३ म्हणून, म्हणजे किचनच्या सर्वांत खालच्या पायरीवर, लागलेल्या मुलासमोर क्रेट येऊन पडतात. कांदे, टोमॅटो, आलं, लसूण, कोथिंबीर.

मखनी ग्रेव्हीची एक बॅच जवळून बघण्यासारखी आहे, कारण या कामाची सगळी नाडी तिच्यात सापडते. २० किलो टोमॅटो, देठाकडचा भाग काढून अर्धे केलेले. ३०० ग्रॅम लसूण, २०० ग्रॅम आलं, मूठभर हिरवी वेलची, दालचिनी, तमालपत्र. बटर दीड किलो, त्यातलं अर्धं सुरुवातीला आणि अर्धं शेवटी. काजू तुकडा १.२ किलो, गरम पाण्यात भिजवून वाटलेला. काश्मिरी मिरचीची पूड दीडशे ग्रॅम, पाण्यात कालवलेली. टोमॅटो पाऊण-एक तास मऊ होईपर्यंत शिजवायचे, खडा मसाला काढून घ्यायचा, वाटायचं, बारीक चाळणीतून गाळायचं, पुन्हा आचेवर चढवून आटवायचं. काजूची पेस्ट शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत. हातात येते साधारण १२ लिटर ग्रेव्ही. प्लेटला १८० मिली धरले तर साठ-पासष्ट प्लेटा. शनिवारी ही बॅच पुरत नाही.

चुकतं कुठे? काजू लवकर घातले की ते तळाशी बसतात आणि लागतात. तळाला लागल्याचा वास आला की नवशिक्या हमखास झारा तळापर्यंत घालून खरवडतो आणि जळका वास सगळ्या पातेल्यात पसरवतो. तेव्हा आच बंद करायची, तळाला हात न लावता वरची ग्रेव्ही डावाने दुसऱ्या पातेल्यात काढायची आणि चाखून ठरवायचं. मिरचीची पूड कोरडी, थेट गरम बटरमध्ये पडली तर काही सेकंदांत काळी होते आणि कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात टोमॅटो तासभर शिजवले तर आंबटपणामुळे धातूची चव उतरते, रंगही मळतो. स्टीलचंच पातेलं घ्यायचं. पावसाळ्यात टोमॅटो पाणचट आणि आंबट येतात. तेव्हा साखर ओतून सुटका होत नाही, गोडसर आंबट असं विचित्र काहीतरी तयार होतं. ग्रेव्ही जास्त वेळ आटवायची आणि बटरने सावरायची, लागलाच तर मध अगदी शेवटी. गाळायचा कंटाळा केला तर टोमॅटोची सालं जिभेला लागतात, आणि ती तक्रार थेट टेबलावरून येते.

यात कल्पकता कुठे आहे? जवळजवळ नाहीच. गेल्या मंगळवारी जेवून गेलेल्या माणसाला या मंगळवारी तीच चव, तोच रंग, तोच दाटपणा हवा असतो, मग टोमॅटो नाशिकचे असोत की नारायणगावचे. घरी स्वयंपाकाची आवड असते त्यात रोज काहीतरी वेगळं करायची हौस मोठी. इथे पगार मिळतो तो कालच्यासारखं आज करण्याचा. दोन्ही आवडणारी माणसं असतात, पण 'मला कुकिंगची आवड आहे' एवढ्या भांडवलावर दुसरं आवडेल असं गृहीत धरू नये. माझ्या मते पहिल्या वर्षात किचन सोडणाऱ्यांत बरेचसे इथेच अडकतात. कष्टांची कल्पना त्यांना असते, रोजच्या तोचतोपणाची नसते.

कांद्याचंही तसंच. १० किलो कांदा सोलून साडेआठ-नऊ किलो भरतो आणि चॉप मसाल्यासाठी (कांदा-टोमॅटोचा परतलेला मसाला) लालसर तपकिरी परतला की त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उरतो. बोथट सुरीने कापला तर कांदा चेंगरतो, पाणी सोडतो, आणि तो परतताना आधी उकडतो. काही तुकडे काळे, काही पांढरे. म्हणून पहिल्या पगारातून घ्यायची वस्तू म्हणजे आठ इंची चांगली सुरी आणि धार लावायचा १००० ग्रिटचा दगड. पात्याला १५ ते २० अंशांचा कोन देऊन दोन्ही बाजू सारख्या घासायच्या. सुऱ्यांचा महागडा सेट घेऊ नका. त्यातल्या निम्म्या सुऱ्या पिशवीतून बाहेर येत नाहीत आणि एक-दोन तर दुसऱ्याच कुणाच्या लॉकरमध्ये सापडतात.

ग्रेव्ही झाली की काम संपलं असं वाटतं. खरं तर धोक्याचा भाग इथून पुढे. १२ लिटर उकळती ग्रेव्ही खोल पातेल्यात तशीच वॉक-इनमध्ये (आत चालत जाता येईल एवढ्या मोठ्या फ्रिजमध्ये) ढकलली तर वरून गार लागते, पण मध्यभागी कित्येक तास कोमट राहते. त्या कोमटपणात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स आणि बॅसिलस सेरियससारखे जिवाणू वाढतात. शिजवताना त्यांचे बीजाणू मेलेले नसतात. शिवाय त्या गरम पातेल्याने वॉक-इनमधलं शेजारचं दूध-पनीरही तापतं. नियम असा: ६० अंशांवरून २१ वर दोन तासांत, आणि २१ वरून ५ वर पुढच्या चार तासांत. ब्लास्ट चिलर (झपाट्याने गार करणारं यंत्र) असेल तर दीड तासात काम होतं. नसेल तर ग्रेव्ही उथळ पॅनमध्ये दोन इंचांपेक्षा कमी थरात ओतायची, खाली बर्फाचं पाणी, अधूनमधून ढवळायचं, आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकण घट्ट लावायचं नाही. मग लेबल: पदार्थ, बनवल्याची तारीख आणि वेळ, कधीपर्यंत वापरायचा, कुणी बनवला. वापरताना पुन्हा ७५ अंशांपर्यंत तापवायची, बेन-मारीमध्ये (गरम पाण्याच्या टाकीत) ठेवून हळूहळू कोमट करायची नाही. बेन-मारी गरम वस्तू गरम ठेवते, थंड वस्तू तापवण्यासाठी ती नसते.

ही लेबलं आणि तापमानाचे तक्ते लिहिणं सगळ्यांना जिवावर येतं. रात्री बारा वाजता दिवसभराचे आकडे एकदम भरणारी किचन्स भरपूर आहेत. फ्रिज दिवसभर ४, ४, ४ दाखवत असेल आणि सगळं एकाच पेनाने लिहिलेलं असेल, तर ऑडिटर पान उलटायच्या आधीच ओळखतो. तळणीच्या तेलाचंही बघावं लागतं. १ जुलै २०१८ पासून एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे टोटल पोलर कंपाउंड्स (तेल किती खराब झालंय याचं माप) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही. मीटर नसेल तर धूर लवकर येणं, फेस न बसणं आणि चिकटपणा यांवरून कळतं. तेव्हा तेल बदलायला सांगणारा कॉमी आणि 'आजची रात्र चालवून घे' म्हणणारा सीनियर यांच्यात कोण जिंकतं, ते त्या हॉटेलच्या एक्झिक्युटिव्ह शेफवर ठरतं.

आता हिशेब. शेफच्या स्वप्नात गणित नसतं आणि शेफच्या खुर्चीत बसल्यावर गणितच उरतं. वरचीच ग्रेव्ही घ्या. भाव उदाहरणादाखल धरलेत, तुमच्या मंडईप्रमाणे बदला. टोमॅटो ३० रुपये किलोने ६००, काजू तुकडा ८०० ने ९६०, बटर ५५० ने ८२५, मसाले आणि इतर ३५०. बॅच २,७३५ रुपयांची, ६६ प्लेटा धरल्या तर प्लेटमागे साडेएक्केचाळीस. त्यात १५० ग्रॅम पनीर ३५० रुपये किलोने साडेबावन्न, क्रीम आणि वरचं किरकोळ दहा-अकरा. म्हणजे साधारण १०५ रुपये. मेन्यूवर ३६० लावलेत, तर फूड कॉस्ट, म्हणजे विक्रीच्या भावातला मालाचा हिस्सा, २९ टक्के. ठीक. आता टोमॅटो १०० रुपयांवर गेला, आणि तो जातो, २०२३ च्या पावसाळ्यात त्याहूनही वर गेला होता, की तीच प्लेट १२६ ला पडते आणि कॉस्ट ३५ टक्क्यांवर चढते. मेन्यू छापलेला आहे, भाव बदलता येत नाही.

त्याहून वाईट गळती हातातून होते. पिकअपवरचा, म्हणजे ऑर्डरप्रमाणे प्लेट तयार करून काढणारा, मुलगा वजनकाटा न वापरता अंदाजाने पनीर टाकतो, १५० ऐवजी २०० ग्रॅम. प्लेटमागे साडेसतरा रुपये. दिवसाला ६० प्लेटा, म्हणजे १,०५०. महिन्याला ३१,५००. मोठ्या शहरात नवा कॉमी हातात पंधरा-वीस हजारांच्या आसपास घेतो, म्हणजे एका मुलाच्या सैल मुठीतून दीड मुलाचा पगार जातो, आणि गिऱ्हाइकाला फरक कळतही नाही. म्हणून चांगल्या किचनमध्ये पनीर सकाळीच १५० ग्रॅमच्या पाकिटांत मोजून ठेवतात. महिनाअखेरीला स्टॉक मोजायला रात्री साडेबाराला डीप फ्रीझरमध्ये उभं राहावं लागतं, तेही याच हिशेबासाठी.

रात्रीच्या सर्व्हिसमध्ये मात्र नशा आहे, हे मान्य करायला हवं. शनिवारी पावणेनऊ ते सव्वादहा. केओटी (ऑर्डरची चिठ्ठी) येतो: टेबल १२, एक अर्धी तंदुरी, दोन पनीर मखनी, एक दाल, सहा बटर नान. अर्धी तंदुरी कच्च्यापासून भाजायची तर पंधरा-अठरा मिनिटं. मखनी चार-पाच मिनिटं. नान दीड मिनिट. सगळं एकाच वेळी पासवर (तयार प्लेटा वाढप्यांच्या हाती देण्याच्या जागी) आलं पाहिजे, म्हणून नानचा गोळा सर्वांत शेवटी हातात घ्यायचा. नान आधी निघाली तर चार मिनिटांत ती चामड्यासारखी होते आणि परत येते. आता अशी बारा टेबलं एकदम येतात. गॅसवर सहा बर्नर आहेत, तिथे निभावतं. अडतं ते तंदूरच्या तोंडाशी. एका वेळी आठ नान लागतात, घेर पूर्ण व्हायला दोन मिनिटं. चाळीस नान अडकल्या की दहा मिनिटांचा ट्रॅफिक जॅम, आणि तोवर मखन्या पासवर साय धरतात. पासवर उभा राहणारा शेफ चव बघण्यापेक्षा हा हिशेब करत असतो: कुठल्या टेबलाची ग्रेव्ही आत्ता थांबवायची, कुणाला स्टार्टर आणखी पाच मिनिटं खेळवायचा, कॅप्टनला (वाढप्यांच्या प्रमुखाला) कुठल्या टेबलावर आधी पापड पाठवायला सांगायचं. हे ज्याला जमतं तो वर चढतो, मग त्याची स्वतःची बिर्याणी मध्यम असली तरी.

मुंबईच्या किचनमध्ये शिरलेल्या मराठी मुलाला आणखी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळते. इथली भाषा हिंदी आणि तंदूरचा उस्ताद बहुधा गढवालचा. तो डिग्री बघत नाही. नव्या तंदूरला पालक, गूळ, मीठ आणि मोहरीच्या तेलाचा लेप का लावतात, पहिले दोन दिवस आच मंद का ठेवतात, हे त्याच्याकडून शिकायचं असेल तर त्याच्या हाताखाली कोळसा ओढावा लागतो. लेप आणि मंद आचेने माती हळूहळू सुकते आणि भिंत भरते. घाई केली तर तडे जातात आणि नान भिंतीला न चिकटता निखाऱ्यात पडते. कॉलेजात याचा अर्धा तास असतो. तेच आपल्या जेवणाचं. मेन्यूवर मराठी पदार्थ वर्षातून एकदा, मालवणी फूड फेस्टिव्हलच्या दहा दिवसांत येतात. घरच्या सुरमईच्या कालवणाची ओढ घेऊन येणाऱ्यांनी हेही धरून चालावं.

वेळांचं काय? 'ब्रेक शिफ्ट' हा प्रकार बाहेरच्यांना माहीत नसतो. सकाळी दहा-अकरा ते दुपारी साडेतीन, मग परत सहा-साडेसहा ते रात्री साडेअकरा-बारा. मधले तीन तास कागदावर तुमचे असतात. पण विरार किंवा बदलापूरला राहणारा माणूस त्या तीन तासांत घरी जाऊन येऊ शकत नाही, तेव्हा तो लॉकर रूममध्ये नाहीतर रिकाम्या बँक्वेट हॉलच्या गालिच्यावर आडवा होतो. म्हणजे कामाचे तास दहा आणि घराबाहेर पंधरा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. किचनमध्ये जादा कामाबद्दल बहुधा 'कॉम्प ऑफ', म्हणजे बदली सुट्टी, मिळतो, आणि तो घ्यायला गेलात की ड्युटीच्या रोस्टरमध्ये जागा नसते. दिवाळी, ३१ डिसेंबर, शनिवार-रविवार, लग्नसराई, सगळं कामावर. लग्न ठरवताना मुलीकडच्यांना हे आधी सांगितलेलं बरं.

शरीरावरचा परिणाम हळू दिसतो. पायांच्या शिरा फुगणं, कंबर, गुडघे, सतत ओल्या हातांना चिरा. कोपरापासून मनगटापर्यंत ओव्हनच्या कडांचे चट्टे. भाजलं तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरायचा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावायचं नाही. हात सुजायच्या आत अंगठी-घड्याळ काढायचं. सर्व्हिसच्या मध्यात वीस मिनिटं कोण देतं, हा प्रश्न रास्त आहे. चांगला सीडीपी (एका विभागाचा प्रमुख शेफ) देतो आणि स्वतः त्या बर्नरवर उभा राहतो.

शिडी लांब आहे. कॉमी-३, कॉमी-२, कॉमी-१, मग सीडीपी, मग सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचा. सगळं सुरळीत झालं तरी एक्झिक्युटिव्ह शेफपर्यंत बारा-पंधरा वर्षं. मोठ्या हॉटेल साखळ्यांच्या दोन वर्षांच्या किचन मॅनेजमेंट ट्रेनी प्रशिक्षणाची निवड परीक्षा पास झालात तर खालच्या काही पायऱ्या वाचतात. आणि वर पोचल्यावर हातात सुरी कमी, लॅपटॉप जास्त: रोस्टर, इंडेंटच्या सह्या, पुरवठादारांशी घासाघीस, ऑडिट, बँक्वेटच्या गिऱ्हाइकाला साठ पदार्थांऐवजी चाळीस पुरेत हे पटवणं. स्वयंपाकाच्या ओढीने आलेल्या माणसाला बढती म्हणजे स्वयंपाकापासून लांब जाणं, हा या धंद्यातला सर्वांत चमत्कारिक भाग. काही जण मुद्दाम सू शेफवर थांबतात. मला ते शहाणपणाचं वाटतं.

बोटीचा रस्ता वेगळा. गोव्यात तर घरटी कुणी ना कुणी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असतो, आणि मुंबई-कोकणातली मुलंही सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक) काढून आणि एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावरच्या सुरक्षेचे) कोर्स करून क्रूझच्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या किचनमध्ये, जातात. पगार डॉलरमध्ये, राहणं-खाणं फुकट. पण सहा ते नऊ महिने आठवड्याची सुट्टी नाही, रोज दहा-अकरा तास. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात दिवसाला किमान १० आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती सांगितली आहे, आणि ती दोनच तुकड्यांत, त्यातला एक किमान सहा तासांचा. घरी परतल्यावरचे दोन महिने बिनपगारी, म्हणून पगाराला बाराने नाही, कराराच्या महिन्यांनी गुणून बाराने भागा. खरा आकडा तो. अमेरिकन बंदरात आरोग्य खात्याची तपासणी न सांगता येते. १०० पैकी ८६ गुण हवेत, ८५ म्हणजे नापास. तिथे फ्रिजचा तक्ता रात्री बसून भरता येत नाही.

फी भरण्याआधी स्वतःला तपासून बघता येतं. घरी ५ किलो कांदा आणा, अर्ध्या सेंटीमीटरचा एकसारखा चिरा, त्याचा तपकिरी मसाला करून फोटो काढा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तेच, आणि तिन्ही फोटो शेजारी ठेवून रंग जुळतो का बघा. कंटाळा आला तर रागावू नका, हॉटेलच्या फ्रंट ऑफिसलाही चांगली माणसं लागतात. रंग जुळवायच्या हट्टाला पेटलात तर बारावीनंतरच्या सुट्टीत जवळच्या गर्दीच्या हॉटेलात दोन महिने हेल्पर म्हणून उभे राहा. मग ठरवा: दादरची १९५४ पासूनची आयएचएम ही सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्था किंवा तशीच दुसरी, त्यासाठी एनटीएची (राष्ट्रीय परीक्षा संस्थेची) प्रवेश परीक्षा, की फूड प्रॉडक्शनचा दीड वर्षाचा क्राफ्ट्समनशिप कोर्स, ज्याला खर्च कमी आणि ज्यातून हात लवकर बसतो. खासगी कॉलेजच्या लाखांच्या फीला कर्ज काढायचं असेल, तर पहिल्या तीन वर्षांच्या पगारातून हप्ता निघतो का ते आधी कागदावर मांडा. बहुतेकदा निघत नाही.

आणि ट्रायलला बोलावलं की चव दाखवायच्या घाईत चौकशी विसरू नका. वॉक-इनच्या दारावर थर्मामीटर आहे का, चॉपिंग बोर्ड रंगाप्रमाणे वेगळे आहेत का, कच्च्या मांसाच्या लाल बोर्डवर कुणी कोथिंबीर चिरतंय का, स्टाफचं जेवण कसं आहे, हे नजरेने टिपा. तोंडाने विचारा: शिफ्ट स्ट्रेट की ब्रेक, शेवटच्या लोकलनंतर सोडायला गाडी आहे का, सर्व्हिस चार्जमधला वाटा किचनला मिळतो का, सेफ्टी शूजचे पैसे पगारातून कापतात का. पहिल्याच प्रश्नाला एचआरवाल्याने 'हमारे यहाँ सब फॅमिली जैसा है' असं उत्तर दिलं, तर तास लिहून मागा.